विसाव्याचे फोटो काढताना आधी बघा, भार कुठे सोडलाय

पळणाऱ्या, उडणाऱ्या, उड्या मारणाऱ्या गोष्टींचे फोटो कसे काढायचे हे शिकवणारं भरपूर काही मिळतं, पण निवांत बसलेल्या, पहुडलेल्या, डुलकी काढणाऱ्या जिवाचा फोटो कसा काढायचा हे फारसं कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं त्यात काय एवढं, तो हलत तर नाहीये, कॅमेरा लावायचा आणि क्लिक करायचं. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. मग एकदा जुने फोटो चाळताना लक्षात आलं की आमच्या मांजरीचे झोपेतले इतके फोटो आहेत, सगळ्यात ती झोपलेली दिसते, पण बघून आपल्याला जरा निवांत वाटावं असं त्यातल्या एकाही फोटोत होत नाही. खुंटीला टांगलेला शर्टही हलत नाही, पण तो काही विसावलेला नसतो. हा फरक फोटोत कसा आणायचा तेवढंच सांगायचंय.

फोटोत सगळ्यात आधी जी माणसं टिकली त्यातला एक माणूस टिकला तो निव्वळ थांबला होता म्हणून. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच लुई दागेरने पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा वरच्या खिडकीतून फोटो घेतला, त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची, त्यामुळे रस्त्यावरच्या घोडागाड्या, ये-जा करणारी माणसं काहीच उमटलं नाही, सगळा रस्ता रिकामा दिसतो. कोपऱ्यात एक जण एक पाय वर ठेवून बूट पॉलिश करून घेत उभा होता, तो तेवढा राहिला. माणूस दिसणाऱ्या सगळ्यात जुन्या फोटोंमध्ये तो धरला जातो. मला हा फोटो फार आवडतो, आणि त्यात नीट बघितलं तर त्या माणसाचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा वर टेकवलेला आहे एवढं कळतं, तेवढ्यावरून आपण ओळखतो की हा माणूस घाईत नाहीये.

तर मुद्दा हा. विसावा दिसतो तो भारात. आपण मराठीत 'अंग टाकलं' म्हणतो ना, ते अगदी बरोबर आहे, विश्रांती म्हणजे स्वतःचा भार दुसऱ्या कशावर तरी टाकणं. भिंतीवर, उशीवर, फांदीवर, दुसऱ्याच्या खांद्यावर, पाण्यावर. त्यामुळे कॅमेरा वर करायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, भार कुठे गेलाय? तो जिथे गेलाय ती जागा फ्रेममध्ये हवीच. बेंचवर डोकं टेकून झोपलेल्या माणसाचा नुसता चेहरा घेतला आणि बेंच कापला तर राहतो फक्त डोळे मिटलेला चेहरा. माझ्या मांजरीच्या फोटोंचं तेच झालं होतं, सगळे चेहऱ्याचे क्लोजअप, खालची गादी कुठेच नाही, आणि गादीत तिच्या वजनाने पडलेला खड्डा तर नाहीच नाही. खरी झोप त्या खड्ड्यात होती.

आपल्याकडे शब्दही किती आहेत बघा, टेकणं, विसावणं, पहुडणं, लवंडणं, कलंडणं, पेंगणं, डुलकी, ताणून देणं. यातल्या प्रत्येकाचा फोटो वेगळा येतो. टेकलेला माणूस अजून उठायच्या तयारीत असतो, त्याचे पाय जमिनीवर रोवलेले असतात, तिथे पायांसकट उभी फ्रेम घ्या. लवंडलेला माणूस एका बाजूला झुकलेला असतो, तिथे तिरकी रेघ तयार होते, ती सरळ करायला जाऊ नका. पेंगणाऱ्याची मान जाते आणि परत येते, त्यामुळे तिथे थांबावं लागतं, मान सगळ्यात खाली गेली की त्या क्षणी. ताणून दिलेल्याला आडवी फ्रेम, आणि डोक्याच्या पुढे भरपूर मोकळी जागा. मी तर आधी मनात शब्द ठरवते आणि मग कॅमेरा आडवा की उभा ते ठरवते, कारण शब्द नक्की झाला की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.

एक जवळून सांगते. बाबा दुपारी खिडकीशेजारच्या खुर्चीत पेपर वाचता वाचता झोपायचे. पेपर छातीवर उघडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, एक हात पेपरवर आणि दुसरा खुर्चीच्या हातावरून खाली लोंबणारा. मी आधी समोरून काढायचे, त्यात चष्मा आणि उघडं तोंड यावरच लक्ष जायचं आणि फोटो थट्टेचा व्हायचा, ते मला नको होतं. मग एकदा मी जमिनीवर बसले, खुर्चीच्या बाजूने, कॅमेरा त्या लोंबणाऱ्या हाताच्या उंचीला. बोटं अर्धवट मिटलेली, जसं काही धरून ठेवलंय आणि विसरलंय, नखांवर खिडकीचा उजेड, मागे धूसर पेपर श्वासाबरोबर वर-खाली होणारा. फोकस बोटांवर ठेवला आणि वाट बघत बसले. माणूस श्वास सोडतो ना, त्यानंतर पुढचा श्वास घ्यायच्या आधी एक छोटीशी जागा असते, तिथे खांदे सगळ्यात खाली असतात आणि सगळं अंग सैल असतं. त्या जागेत क्लिक केलं. त्या फोटोत चेहरा नाहीच, तरी बघणारा प्रत्येक जण म्हणतो की बाबा किती शांत झोपलेत.

म्हणून पाच-सहा श्वास नुसते मोजा आणि मग बटण दाबा. झोपलेल्या माणसाला, कुत्र्याला, वासराला सगळ्यांना हे लागू आहे. स्वतःचा श्वासही सोडून झाल्यावरच बटण दाबायचं, हात कमी हलतो.

आता सेटिंगचं बोलू. विसावलेला विषय हलत नाही ही मोठी सोय आहे, कारण अशा जागी उजेड बहुतेक वेळा कमीच असतो. हातात कॅमेरा धरून काढताना शटर किती वेळ उघडा ठेवायचा याचा जुना हिशोब असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची त्याच्या उलट, म्हणजे ५० मिमी लेन्स असेल तर १/५० सेकंद, २०० असेल तर १/२००. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सांभाळून घेणारी सोय, असेल तर त्याच्याही खाली जाता येतं, १/३०, १/१५, पण मग तीन-चार फोटो लागोपाठ घ्या, एखादा शार्प निघतोच. माणसाचा श्वास चालू असतो हे लक्षात ठेवा, फार स्लो गेलात तर चेहरा शार्प आणि छाती धूसर असं होतं, कधी कधी ते छानही दिसतं. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची क्षमता, वाढवायला घाबरू नका, अंधाऱ्या खोलीत १६०० किंवा ३२०० चा थोडा दाणा आला तरी चालतो, फ्लॅशने झोप मोडण्यापेक्षा कधीही बरा. फ्लॅश तर बंदच ठेवायचा, पण लोक विसरतात ते म्हणजे फोकस शोधताना कॅमेऱ्यातून पडणारा छोटा लाल किंवा नारिंगी दिवा आणि फोकस झाल्यावर वाजणारी बीप. घरून निघतानाच दोन्ही मेनूत जाऊन बंद करा.

सायलेंट शटर असेल तर वापरा, फक्त ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असतो तिथे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे बहुतेक वेळा जातात, आणि पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२०. खिडकीच्या उजेडात ही भानगडच नाही.

डोळा शोधून फोकस करणारी जी नवी सोय आलीये तिच्यावर इथे विसंबू नका, डोळे मिटलेले असले की ती बऱ्याचदा गोंधळते आणि नाकावर, नाहीतर मागच्या उशीवर जाते. एकच फोकस पॉइंट ठेवा आणि तो पापण्यांच्या केसांवर टाका. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक अगदी मोठं उघडायचा मोह होतो, १.८ वगैरे (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), पण मग भार जिथे टाकलाय ती जागाच धूसर होऊन जाते. मी बहुतेक वेळा ४ किंवा ५.६ वर असते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला की कॅमेरा संध्याकाळच्या पिवळ्या उजेडाला पांढरा करायला बघतो आणि सगळी ऊब जाते. अशा वेळी डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा. आणि कॅमेरा समोरचं सगळं साधारण मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून उजेड मोजतो, त्यामुळे काळी म्हैस, काळं कुत्रं फ्रेमभर असेल तर तो फोटो उगाच उजळ करतो, तिथे एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), आणि पांढरा बगळा किंवा पांढरी चादर असेल तर तेवढंच वाढवा. उजेडाचं बाकी फार सांगत नाही, कडक दुपारचं ऊन सोडून बहुतेक सगळा उजेड चालतो, आणि दुपारी तर जनावरं स्वतःच सावलीत असतात, तुम्हीही तिथेच बसा.

प्राणी-पक्षी

इथे मजा अशी की बरेच प्राणी दिवसाचा मोठा भाग पडूनच असतात. सिंह वीसेक तास विश्रांतीत घालवू शकतो, गाय दहा-बारा तास बसलेली असते, मांजरीचं तर विचारूच नका. म्हणजे संधी कमी नाहीत, पण त्यांना न उठवता काढणं हे काम आहे.

भार इथेही शोधायचा. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो तेव्हा मागचा एक पाय सैल सोडतो, खुराचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं असतं आणि खालचा ओठ लोंबायला लागतो. ते टेकलेलं टोक फ्रेममध्ये नसेल तर घोडा नुसता उभा दिसेल. पक्षी एका पायावर उभा राहून दुसरा पिसांत घेतो, त्याने अंगातली उष्णता कमी जाते, आणि झोपताना बरेच पक्षी चोच मागे वळवून पाठीच्या पिसांत खुपसतात, अंगाचा गोळा होतो. तळ्यावर बदकांचा थवा झोपलेला असेल तर कडेच्या बदकांकडे बघा, त्यांचा बाहेरच्या बाजूचा एक डोळा बऱ्याचदा उघडा असतो. बदकांना अर्धा मेंदू जागा ठेवून झोपता येतं, कडेची बदकं ते जास्त करतात. हे माहीत असलं की फोटोच वेगळा सुचतो, मधलं झोपलेलं बदक घ्यायच्या ऐवजी कडेचं घ्या, एक उघडा डोळा आणि मागे मिटलेल्या डोळ्यांची रांग.

कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. हे प्राण्यांच्या सगळ्याच फोटोंबद्दल सांगतात, पण विसाव्यात त्याचं वजन जास्त आहे, कारण वरून काढलं की तो जीव कुणीतरी टाकून दिल्यासारखा दिसतो, आणि खालून, जमिनीला टेकून काढलं की आपणही त्याच्याशेजारी आडवे झालोय असं वाटतं. पोटावर झोपायचं, कोपरं जमिनीत रोवायची, खाली एक जुनी सतरंजी ठेवली की कितीही वेळ राहता येतं. सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा, मध्ये थांबा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. लांब लेन्स असेल तर ३०० मिमी पुरे होते, नसेल तर लांबूनच काढा आणि आजूबाजूचं जास्त घ्या, लहानसा झोपलेला जीव आणि भोवती मोठी मोकळी जागा असा फोटो क्लोजअपपेक्षा जास्त शांत वाटतो हे मी कितीदा अनुभवलंय.

आणि थांबायचं कधी हे ठरलेलं असू द्या. गाय रवंथ करायची थांबली, कान तुमच्याकडे वळले, पक्ष्याने मान उंच केली, कुत्र्याने डोकं न उचलता नुसता डोळा उघडला, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, मागे सरका. माझ्याकडे एका रस्त्यावरच्या कुत्र्याचा फोटो आहे, उजेड सुंदर, फोकस अचूक, पण त्याचा डोळा माझ्याकडे लागलेला आणि कपाळाला आठी, तो विसाव्याचा फोटो नाहीये, त्याचा विसावा मी मोडल्याचा फोटो आहे. थंडीतल्या पक्ष्याला उगाच उडवलं तर रात्र काढायला राखलेली ताकद तो उडण्यात घालवतो. घरट्यावर बसलेली पक्षीण असेल तर फोटोच नको, आणि घरट्याची जागा तर कुणालाच सांगू नका.

कीटकांसाठी पहाट. फुलपाखरं आणि चतुर उन्हात अंग तापल्याशिवाय नीट उडू शकत नाहीत, त्यामुळे सूर्य वर यायच्या आधी गवताच्या काड्यांवर ते तसेच बसलेले असतात, कधी अंगभर दव. अशा वेळी ट्रायपॉड लावून निवांत काढता येतं. कॅमेरा पंखाला समांतर धरा, म्हणजे ८ किंवा ११ अ‍ॅपर्चरवर सगळा पंख फोकसमध्ये येतो, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही, आणि वारा थांबायची वाट बघा. काही एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांचे नर रात्री काडीला नुसत्या जबड्याने घट्ट धरून झोपतात, पाय मोकळे. एवढासा भार आणि तो सगळा त्या जबड्यावर, सापडली तर सोडू नका. फक्त काडी हलवू नका, वाकवू नका, दव हवं म्हणून वरून पाणी मारू नका.

झाडंही रात्री पानं मिटतात, लाजाळू, चिंच, शिरीष. द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये पानं मिटणारं रोप अंधारात ठेवून बघितलं तर उजेड नसतानाही ते आपल्या वेळेला पानं उघडत-मिटत राहिलं. एकच फांदी, एकाच जागेवरून, दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, अशी जोडी काढून बघा, फारच सुंदर दिसते.

माणसं

इथे मी जरा कडक आहे. झोपलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. घरचं माणूस असेल तर जागं झाल्यावर फोटो दाखवायचा, नको म्हणालं तर त्याच्यासमोर डिलीट करायचा, संपलं. अनोळखी माणूस असेल तर मी चेहरा ओळखू येईल असं काढत नाही. वॉकर इव्हान्स या अमेरिकन फोटोग्राफरने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले, विचारात हरवलेली, थकलेली माणसं, फोटो म्हणून ते जबरदस्तच आहेत, पण पुस्तक आलं ते १९६६ मध्ये. आपण मात्र काढलेला फोटो पुढच्या मिनिटाला जगाला दाखवतो आणि तो माणूस अजून त्याच बाकावर झोपलेला असतो. ज्याला झोपायला घर नाही म्हणून जो रस्त्यावर झोपलाय त्याचा फोटो 'निवांत' म्हणून तर अजिबात नको.

चेहऱ्याशिवाय भरपूर काही असतं. चपला काढून बाजूला ठेवलेले पाय, मांडीवर उताणे पडलेले तळहात, खिडकीच्या काचेला टेकलेलं डोकं मागून, दोन माणसं एकमेकांना पाठ टेकून बसलेली, काम थांबवून फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकलेला माणूस पाठमोरा. आणि वस्तूही. उघड्या पुस्तकावर पालथा ठेवलेला चष्मा, भिंतीला टेकलेली सायकल, वाळूत ओढून ठेवलेली होडी, नुकतंच कुणीतरी उठून गेलंय अशी चुरगळलेली चादर. वस्तूत भार शोधायचा सराव छान होतो, ती उठून जात नाही, तुम्ही तासभर फिरून दहा बाजूंनी बघू शकता. सुरुवात करणाऱ्याने पहिले आठ दिवस फक्त वस्तू काढाव्या असं माझं मत आहे.

गर्दीतला विसावा हवा असेल तर दागेरचाच उपाय. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर टेकवा, शटर १/४ ते १ सेकंद, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११ किंवा १६, बाकावर कुणीतरी स्थिर बसलेलं आणि पुढून माणसं जातायत, जाणारी माणसं रंगांचे पट्टे होतात आणि बसलेला तेवढा राहतो, आणि बाजूने किंवा मागून काढलंत तर चेहऱ्याचाही प्रश्न येत नाही. दिवसा एवढा वेळ शटर उघडा ठेवला तर फोटो पांढरा फटक होतो, त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, लागतो, नाहीतर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला जा.

फोनवर काढणाऱ्यांनी एवढं करा. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा, फोन फोटो गरजेपेक्षा उजळ करतात. जवळ जायच्या ऐवजी २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. पोर्ट्रेट मोड टाळा, तो केसांच्या आणि उशीच्या कडा खातो. नाइट मोड मात्र इथे सोन्यासारखा आहे, तो एक-दोन सेकंदांत बरेच फोटो घेऊन एकत्र करतो, चालत्या माणसाला तो जमत नाही पण झोपलेल्याला छान जमतो, फोन कशाला तरी टेकवा फक्त.

एडिटिंगमध्ये हात आवरा. क्लॅरिटी आणि शार्पनेस वाढवला की त्वचेवरची, पिसांवरची प्रत्येक रेघ ओरडायला लागते. मी उलट कॉन्ट्रास्ट किंचित कमी करते, सावल्या काळ्या राहू देते, कोपऱ्यात काही चमकत असेल तर तेवढं दाबते. क्रॉप करताना पुन्हा एकदा बघा, टेकलेली जागा कापली जात नाहीये ना.

शेवटी एक, फोटो मिळाला म्हणून लगेच उठू नका. झोप पुरी झाली की बरेच जीव आळोखेपिळोखे देतात. मांजर पुढचे पाय लांब करून कंबर वर काढते, कुत्रं जांभई देतं, आणि पक्षी एका बाजूचा पंख आणि त्याच बाजूचा पाय एकदम मागे ताणतो, मग दुसऱ्या बाजूचा. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तुम्ही १/६० वर बसलेले असता. पिसं हलायला लागली, डोळा उघडला, मान सरळ झाली, की बोट डायलवर न्या आणि शटर १/५०० च्या वर करून ठेवा, आयएसओ ऑटोवर असू द्या.